छोट्याची साखर

२ मार्च

नवी वही सुरू केली. मुलींच्या वसतिगृहात एकतीस वर्षं रेक्टर होते. रोजची हजेरी, रोजच्या तक्रारी, रोजच्या शिक्षा, सगळं लिहून ठेवायची सवय. निवृत्त झाल्यापासून आठ महिने लिहायला काही नव्हतं. एकटीने उठायचं, एकटीने चहा प्यायचा, स्वतःचीच हजेरी घ्यायची. आता पुन्हा काम मिळालं आहे.

भावजय आज सकाळच्या विमानाने गेली. मुलीचं पहिलं बाळंतपण, त्यात डॉक्टरांनी मुलीला पलंगावरून उतरू नको असं बजावलेलं. पाच-सहा महिने तरी ती परत येत नाही. दाराशी माझा हात धरून म्हणाली, "अक्का, यांना तुमच्या हवाली करून चालले."

"निश्चिंत जा," मी म्हटलं. बावीस वर्षं उशीर केलास, हे मनात म्हटलं.

छोट्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय छप्पन्न, पोट पुढे, भिंतीच्या रंगांच्या दुकानाचा मालक. दुकान पुढे, घर मागे. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी अकराची. बुटाची नाडी बांधायला मी शिकवलं, पाढे मी घोकून घेतले. लग्न झालं आणि हातचा गेला. चौतिसाव्या वर्षी साखर निघाली. तेव्हापासून बायको 'आजच्या दिवस खा' म्हणते आणि हा खातो.

भावजयीने स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवला आहे. गोळ्यांच्या वेळा वगैरे. शेवटी दोनदा अधोरेखित: "११ तारखेला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. चार वर्षं टाळतायत. काहीही करून न्याच."

मला 'न्याच' म्हणणारी ही कोण!

३ मार्च

घराची झडती घेतली. मुलींच्या खोल्या तपासून तपासून नाक तयार झालं आहे. ब्रशांच्या खणात सिगारेटची दोन पाकिटं. रिकाम्या डब्यात क्रीमची बिस्किटं, वरून 'पांढरा प्रायमर' अशी चिठ्ठी. छोट्याला समोर उभं केलं.

"हे काय आहे?"

"प्रायमर," तो म्हणाला आणि हसायला लागला. मलाही हसू येत होतं, पण पहिल्याच दिवशी हसलं की संपलंच.

त्याच्याच हाताने सगळं कचऱ्यात टाकायला लावलं. साखर, मध, मुरंबा कपाटात, कुलूप लावून किल्ली माझ्या गळ्यात.

६ मार्च

साखरेच्या डॉक्टरकडे गेलो. चष्मेवाली तरुण पोरगी. माझ्या वसतिगृहात असती तर पहिल्या मजल्यावरच्या हुशार मुलींत असती. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी साडेबारा टक्के. सहाच्या आसपास हवी. रक्तदाब एकशे सत्तर.

तिने बोटांवर मोजायला घेतलं. "बावीस वर्षं झाली साखरेला. ती कधी ताब्यात नाही. रक्तदाब वाढलेला. लघवीतून प्रथिनं जातायत, म्हणजे मूत्रपिंडाला झळ लागलीय. वर सिगारेट. डोळ्याच्या पडद्याला ज्या ज्या गोष्टींनी धोका असतो, त्या सगळ्या तुमच्याकडे आहेत."

"एकही विषय सोडला नाहीस, छोट्या," मी म्हटलं. "सगळ्यांत पहिला."

तो हसला. ती हसली नाही. "डोळे शेवटचे कधी तपासले?"

"चार वर्षं... पाच."

"मग आधी ते करा. इतकी वर्षं चढलेली साखर एकदम खाली आणली, तर आधीच कमकुवत झालेला पडदा काही महिने आणखी बिघडू शकतो. म्हणून आधी पडदा बघायचा, गरज पडली तर लेझर मारून घ्यायचं आणि मग साखर उतरवायची. तोवर मी इन्सुलिन थोडंच देते."

चांगलं केलं की वाईट होतं, हे मी एकसष्ट वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं. नापास मुलगी पहिली आली तर तिला ताप येतो का? आजकाल शिकवतात तरी काय! पण इन्सुलिन टोचायला मी तिथेच शिकून घेतलं. हात अजिबात कापला नाही.

१० मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरकडे फोन करून उद्याची वेळ रद्द केली.

कारण लिहून ठेवते. तयारी न झालेल्या मुलीला मी कधी परीक्षेला बसू दिलं नाही. साडेबाराची सरासरी घेऊन जायचं आणि तिथे पुन्हा बोलणी खायची? आधी आकडा खाली आणू, मग मान वर करून जाऊ. आणि खरं सांगायचं तर भावजयीने आखलेल्या रेघेवरून मी का चालावं?

छोट्याला सांगितलं, तर त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं सुटकेचा श्वास सोडेल.

"अक्का, जाऊनच येऊ ना. मनाची तयारी केली होती मी."

"कशाला? काय होतंय?"

"नीट सांगता येत नाही." मग म्हणाला, "निळा हल्ली निळा वाटत नाही."

"बावीस वर्षं गोड खाताना काय वाटत होतं?"

फोनवर भावजयीने विचारलं तेव्हा सांगितलं की सगळं व्यवस्थित आहे. तिला तिकडे मुलीची काळजी आहे, उगाच जिवाला घोर कशाला.

१७ मार्च

वेळापत्रक भिंतीवर लावून पाच दिवस झाले. साडेपाचला उठणे. बोट टोचून साखर बघणे. अर्धा तास दोरीवरच्या उड्या (दर दहा मिनिटांनी पाणी), मग पन्नास उठाबशा. नाश्ता एक अंडं, एक पावाचा तुकडा. दुपारी आणि संध्याकाळी उकडलेल्या भाज्या. आकडा दोनशेच्या वर गेला तर दुसऱ्या दिवशी उठाबशा शंभर.

पहिल्या दिवशी वीस उठाबशांत बसकण मारली. "अक्का, माझं वय काय!"

"सहा," मी म्हटलं. "वागतोस तेवढंच."

आज पन्नास पूर्ण केल्या. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, पण केल्या. मला इतकं बरं वाटलं की त्याच्या पाठीवर थाप मारली. लहानपणी सायकल शिकला तेव्हा मारली होती तशी.

इन्सुलिन दर तीन दिवसांनी दोन दोन एकक वाढवते आहे. थोड्याने काय होणार?

२९ मार्च

आज जरा घाबरले. कोणाला सांगणार नाही, पण वहीपासून लपवत नाही.

दुपारी बारा वाजता दुकानात गेले, तर छोट्या डब्यांच्या मांडणीला धरून उभा. शर्ट घामाने चिंब. "अक्का, किल्ली दे."

"जेवणाला अजून एक तास आहे."

"हात बघ माझे."

हात थरथरत होते. वसतिगृहात परीक्षेच्या दिवशी चक्कर येणाऱ्या मुली मी डझनाने पाहिल्या आहेत. म्हटलं, "एक तास कळ काढ." तो आणखी एकदा 'किल्ली' म्हणाला, पण शब्द नीट उमटला नाही. मग गुडघे वाकले आणि तो जमिनीवर बसला, लहान मूल रुसून बसतं तसा.

दुकानात एक मावशी आहेत, बारा वर्षं तिथे डबे लावतात, रंग ढवळतात. त्या धावत आल्या. "बाई, साखर उतरलीय मालकांची! साखर द्या!" मी यंत्र आणून बोट टोचलं. सेहेचाळीस. तेव्हा कपाटाकडे पळाले, पण कुलपाला किल्लीच लागेना. परत आले तोवर मावशींनी त्यांच्या डब्यातलं केळं कुस्करून त्याच्या तोंडात घातलं होतं.

मी वर तीन चमचे साखर दिली. मोजून.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मला तशी नजर आवडत नाही.

शांत डोक्याने विचार केला. यातून एक गोष्ट सिद्ध झाली. औषध लागू पडतं आहे. आधी कधी साखर शंभराच्या खाली आली होती का?

९ एप्रिल

एक गिऱ्हाईक बाई तणतणत आल्या. खिडकीच्या पडद्याचा तुकडा देऊन त्याच निळ्या छटेचा रंग करून नेला होता. आख्खी खोली रंगवून झाल्यावर बघतात तर हिरवट. छोट्याची इथे ख्याती अशी की वाळलेल्या पानाचा तुकडा दिला तरी तो डोळ्याने बघून तोच रंग कालवून देतो. रंग जुळवायचं यंत्र ठेवलंच नाही कधी. "यंत्र माझ्या कपाळात आहे," म्हणायचा.

मी काउंटरवरच तो तुकडा त्याच्यापुढे धरला. "सांग, कोणता रंग?"

"अक्का, आत जाऊन बोलू."

"इथेच सांग. चूक इथेच झाली ना?"

दुकानात पाच-सहा माणसं होती. तो तुकडा घेऊन दारातल्या उजेडात गेला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"आकाशी," मावशी मागून हळूच म्हणाल्या.

"मावशी, प्रश्न त्याला आहे. उत्तर सांगायचं नाही."

छोट्या तुकडा हातात घेऊन तसाच उभा राहिला. शेवटी म्हणाला, "माझी चूक झाली, बाई. दुसरा रंग फुकट करून देतो." बाईच वरमल्या आणि निघून गेल्या.

लक्ष ठिकाणावर नसतं, दुसरं काय? सिगारेट सुटली की महिनाभर माणूस असाच घुम्यासारखा वागतो म्हणतात. संध्याकाळी जेवला नाही. नाही तर नाही, आकडा चांगला येईल.

२१ एप्रिल

रोजच्या साखरेचे आकडे बघून डॉक्टरीणबाई थक्क झाल्या. "दीड महिन्यात एवढं? कसं केलंत?"

"शिस्त," मी म्हटलं.

मग तिने विचारलं, "डोळ्यांचं काय म्हणाले?"

छोट्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दाखवले. ठीक आहेत."

हे खोटं आहे, मला माहीत आहे. पण तिने लगेच इन्सुलिन कमी केलं असतं आणि सगळी मेहनत पाण्यात गेली असती. शिवाय दाखवणारच आहोत, तेव्हा ते फक्त आगाऊ सांगितलेलं खरं. "पुढच्या वेळी कागद घेऊन या," असं म्हणून तिने फायलीत काहीतरी लिहिलं आणि मी वाढवलेलं इन्सुलिन तसंच चालू ठेवायला सांगितलं.

परत येताना छोट्या पायरीवर अडखळला. पायरी दिसत होती चांगली हातभर रुंद.

"अक्का, तू तिला खोटं का सांगितलंस?"

"तुझ्यासाठी."

तो पुढच्या पायऱ्या पायाने चाचपत उतरला.

१२ मे

आज त्याला खोटं बोलताना पकडलं. सकाळी यंत्रावरचा आकडा त्याने वाचला, 'एकशे एकतीस'. मी यंत्र हातात घेतलं तर एकशे एक्याऐंशी!

"तीन दिसला मला."

"आठाचा तीन कसा दिसतो?"

"अर्धा पुसल्यासारखा दिसतो. अक्का, डोळ्यांपुढे धागे फिरतात. कोळ्याचं जाळं हलतं तसे. मान वळवली की तेही वळतात."

आठाचा तीन. परीक्षेच्या गुणपत्रिकेवर ब्लेडने आठाचे तीन आणि तिनाचे आठ करणाऱ्या मुली मला काही कमी भेटल्या नाहीत. उठाबशा शंभर.

नंतर मात्र बराच वेळ अस्वस्थ होते. तो नववीत असताना मी त्याला नाणं चोरल्याचा आळ घेऊन मारलं होतं आणि ते माझ्याच पिशवीत सापडलं होतं. ते त्याला मी कधी सांगितलं नाही. आज उगाचच ते आठवलं. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे फोन करावा का? पण तीन आठवड्यांनी सरासरीची तपासणी आहे. एवढं थांबलो तसं तेवढं थांबू. आकडा हातात येऊ दे.

१९ मे

छोट्या रंग कालवतो तेव्हा मावशी आता प्रत्येक डबा स्वतःच्या नजरेखालून घालतात, हे माझ्या लक्षात आलं. छोट्या नुसता हात फिरवतो, नेमकी छटा त्या जमवतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं मालकांनीच केली. असे लाड करणाऱ्या बायका याला कुठून भेटतात, देव जाणे.

मावशींना बाजूला घेऊन समज दिली. त्या म्हणाल्या, "बाई, मालकांना दिसत नाही."

"दिसत नाही की बघत नाही?"

"त्यांना डॉक्टरकडे न्या," एवढंच म्हणून त्या डबे पुसायला लागल्या.

६ जून

सहा पॉइंट आठ!

तीनदा वाचला कागद. साडेबारावरून सहा पॉइंट आठ, तीन महिन्यांत. बावीस वर्षांत कोणाला जमलं नाही ते मी करून दाखवलं. वजन अकरा किलोंनी उतरलं. लगेच भावजयीला फोन केला. ती पलीकडे रडायलाच लागली. "अक्का, तुमचे उपकार कसे फेडू!" मी म्हटलं, "उपकार कसले, भाऊ आहे माझा." फोन ठेवला आणि किती तरी वेळ नुसती बसून राहिले. निवृत्तीच्या दिवशी मुलींनी हार घातले होते, तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

छोट्याला कागद दाखवला. त्याने तो हातात धरला आणि म्हणाला, "वाचून दाखव."

मी मोठ्याने वाचला.

"छान," तो म्हणाला. "आता जायचं डोळ्यांच्या डॉक्टरकडे?"

"सोमवारी फोन करते," मी म्हटलं. खरंच करणार होते.

८ जून

सकाळच्या कवायतीत अठ्ठेचाळिसाव्या उठाबशीला तो थांबला. एक हात हवेत.

"अक्का, डोळ्यात काहीतरी सुटलं."

"काय सुटलं?"

"शाई. पाण्यात शाई सोडतात तशी. लाल आहे... आता काळी झाली."

मी डोळा उघडून बघितला. बाहेरून स्वच्छ होता, लालीसुद्धा नाही.

"दोनच राहिल्यात. पुऱ्या कर."

त्याने केल्या. भिंतीला हात लावून केल्या.

दिवसभर डावा डोळा मिटून बसला होता. उष्णतेने असेल. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. आज रविवार, दवाखाने बंद.

१० जून

काल म्हणाला थोडं निवळलंय, म्हणून थांबले. आज दुपारी मी बाजारात गेले असताना उजव्या डोळ्यातही तसंच झालं. परत आले तर दुकान बंद, मावशीही नाहीत. शेजारच्या न्हाव्याने सांगितलं, मावशी मालकांना हाताला धरून गाडीत घालून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. मला विचारलं नाही, सांगितलं नाही! धावतपळत पोचले.

छोट्या बाकावर बसला होता. दोन्ही हात मांडीवर, मान ताठ, समोर भिंत. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले तरी त्याने वर बघितलं नाही. 'छोट्या' म्हटलं तेव्हा दचकला.

डॉक्टर वयस्कर, पिकलेल्या भुवयांचे. तपासायला तासभर लावला. मग मला आत बोलावलं. "पडद्यावर नव्या कच्च्या रक्तवाहिन्या फुटल्यायत. पुष्कळ. त्या फुटून दोन्ही डोळ्यांत रक्त उतरलंय. डावीकडे पडदा ओढला जाऊन सुटलाय. हे काही आजकालचं नाही. वर्षानुवर्षं चाललेलं दुखणं आहे. पण गेल्या काही महिन्यांत फार वेगाने वाढलेलं दिसतंय. साखर झपाट्याने उतरवली का?"

"साडेबाराची सहा पॉइंट आठ केली," मी सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "आणि त्याआधी डोळे?"

मी काय बोलणार होते? तोंडातून निघालं ते असं, "वेळ घेतली होती. पण हा ऐकेल तर ना! भित्रा आहे लहानपणापासून."

छोट्या खुर्चीवर होता. त्याने आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला. डोळे माझ्यावर नव्हते, माझ्या खांद्याच्या जरा वर कुठेतरी होते.

"हो," तो म्हणाला. "मीच नको म्हणालो."

डॉक्टर त्याच्यावर चिडले. "मार्चमध्ये आला असतात तर लेझर मारून दोन्ही डोळे राखता आले असते. शिकलेली माणसं तुम्ही!" छोट्याने सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं.

डॉक्टर लोक नेहमी असंच म्हणतात. मीसुद्धा पालकांना म्हणायची, 'आधी आला असतात तर.' पण आपण होऊन कबूल केलं, हा त्याचा मोठेपणा. आणि विचार केला तर मुळात खरंच आहे ते. चार वर्षं तोच नको म्हणत होता. मी तर फक्त तीन महिने पुढे ढकललं.

२ जुलै

दोन शस्त्रक्रिया झाल्या. डाव्या डोळ्यात काही उरलं नाही. उजव्याला दिवस आणि रात्र एवढं कळतं, डोळ्यांपुढे हात हलवला तर हलल्याचं कळतं. डॉक्टर म्हणाले, याहून फार आशा नाही.

भाची सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. भावजयीला आज सगळं सांगितलं. ती पहिल्या विमानाने निघते आहे.

साखर मात्र उत्तम. सकाळी अठ्ठ्याण्णव.

५ जुलै

भावजय आली. मला वाटलं होतं आल्या आल्या आकांत करेल. तिने पिशव्या दारातच टाकल्या, त्याच्याजवळ गेली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तो म्हणाला, "बारीक झालीस का गं?" तिच्या मनगटावरून बोट फिरवत होता. मी चहा टाकायला आत गेले. माझं तिथे कामच नव्हतं.

९ जुलै

आज भावजयीने साखरेच्या डॉक्टरची फाइल वाचली. सकाळभर वाचत होती. मग स्वयंपाकघरात आली.

"अक्का, इथे लिहिलंय, 'डोळ्यांची तपासणी झाली, ठीक. बहिणीने सांगितले.' एकवीस एप्रिल."

"तिने चुकीचं ऐकलं असेल."

"डोळ्यांच्या दवाखान्यातही विचारलं मी. दहा मार्चला वेळ रद्द केली, 'बहिणीचा फोन', अशी नोंद आहे त्यांच्याकडे."

"त्यानेच सांगितलं करायला. विचार त्याला."

"विचारलं. 'हो' म्हणाले." ती ओट्याला टेकून उभी राहिली. दारावरचा तिचा कागद अजून तसाच होता. तो तिने हळूच सोडवून काढला, कोपरासुद्धा फाटू न देता. "बावीस वर्षं मी यांना खाऊ घातलं. रडतील, रुसतील म्हणून. ते माझंच पाप आहे अक्का, ते मी कुठे टाकू? पण तुम्ही..."

निदान तोंडाने कबूल केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चूक मान्य केली तिने. मी मनात काही ठेवलं नाही. तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, पण ती बाहेर निघून गेली होती.

२६ जुलै

दुकान मावशी चालवणार आहेत. छोट्यानेच ठरवलं. मला विचारलं नाही. मावशींनी यंत्र बसवून घेतलं आहे. छटेचा तुकडा खाली ठेवला की आकडे सांगतं. छोट्या काउंटरपलीकडे बसून यंत्राचा आवाज ऐकत होता. "बरोबर येतो का?" एकदाच विचारलं. मावशी म्हणाल्या, "तुमच्याइतका नाही, मालक."

दोघं मुलीकडे राहायला जाणार, कायमची.

मी त्याच्यासाठी नवं वेळापत्रक करायला घेतलं होतं. तिकडे जिन्याने फिरता येईल का, बाग किती लांब आहे, असं सगळं विचारून घेत होते. भावजय म्हणाली, "अक्का, ते राहू द्या." तिच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. थकली असेल बिचारी.

१ ऑगस्ट

आज दोघं गेली.

गाडी दाराशी आली तेव्हा मी छोट्याला हाताला धरून न्यायला गेले. त्याने हात सोडवून घेतला आणि भिंत चाचपत चाचपत एकटाच पायऱ्या उतरला. स्वावलंबन. मीच लावलेली सवय. आत बसल्यावर मी खिडकीशी वाकून त्याचा पट्टा नीट केला, कॉलर नीट केली. लहानपणी शाळेत पाठवताना करायची तशी. तो अगदी हलला नाही.

"औषधं वेळेवर. सकाळचा आकडा मला रोज कळवायचा," मी सांगितलं. "आणि महिनाभराने मी येतेच. तिकडे तुला कोण शिस्त लावणार?"

"नको येऊस, अक्का."

"अरे, विमानाने किती वेळ लागतो!"

त्याने चेहरा माझ्याकडे केला. या वेळी अगदी बरोबर माझ्याकडे, जसं काही दिसत होतं. "मी सांगतोय तुला. येऊ नकोस. कधीच येऊ नकोस."

भावजयीने डोळे पुसले आणि काच वर केली. गाडी निघून गेली. मी वळणापर्यंत हात हलवत होते.

मावशींनी चहा आणून दिला आणि आत गेल्या.

एवढं सोसूनही काळजी माझी! एकसष्टाव्या वर्षी बहिणीला प्रवासाची दगदग नको, पाय दुखतील, म्हणून कधीच येऊ नको म्हणतो. आतून लोण्यासारखा आहे छोट्या, पहिल्यापासून. पण मी का ऐकणार आहे त्याचं?

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं तिकीट मिळतं का, उद्या चौकशी करते.